‘आई, फक्त एक सही’

मावशीच्या दाराखालून ते पहिलं पाकीट आत आलं तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. निळ्या शाईत हाताने लिहिल्यासारखी चिठ्ठी, "तुमचं घर मला फार आवडलं, मी रोज समोरून जातो, विकायचा विचार असेल तर एक फोन करा", खाली नुसतं पहिलं नाव आणि मोबाईल नंबर. मावशी आयुष्यभर शाळेत शिकवायची त्यामुळे अक्षर तिला बरोब्बर कळतं. तिने चिठ्ठी उजेडात धरली आणि म्हणाली, "अगं, यातला प्रत्येक ‘र’ अगदी सारखा आहे, माणूस एवढे सारखे ‘र’ काढत नाही, हे मशीनने छापलंय." हे मुद्दाम आधीच सांगतेय, कारण पुढचं वाचून "म्हातारी माणसं भोळी असतात हो" असं कोणीतरी म्हणणारच. भोळीबिळी काही नाही. जिला छापील ‘र’ ओळखता येतो तीच बाई त्यानंतर अडीच महिन्यांनी बाजारभावाच्या जेमतेम साठ टक्क्यांत घर द्यायला तयार झाली होती.

कशी झाली, तर तो माणूस घर मागायला आलाच नाही. म्हणजे आला, पण पहिल्या चार भेटींत पैशाचा विषय त्याने काढलाच नाही. पहिल्यांदा आला तेव्हा जिन्यातला बल्ब गेलेला बघितला, दुसऱ्या दिवशी नवीन बल्ब घेऊन आला आणि स्टुलावर चढून लावून दिला. तो बल्ब गेले चार महिने बंद होता आणि मावशीने मला तीनदा सांगितलं होतं, मी "या रविवारी नक्की" म्हणत राहिले. दुसरा कोणी लावून गेला. मग तो तिला ‘आई’ म्हणायला लागला, गुडघा कसा आहे विचारायला लागला, काकांच्या फोटोसमोर उभा राहून नमस्कार करायला लागला. मावशी मला फोनवर म्हणाली, "मुलगा चांगला आहे गं." मी ऑफिसमध्ये होते, हं हं म्हणून फोन ठेवला.

पाचव्या भेटीत कागद आला. आणि त्या दिवशी मावशीला वाचवलं ते आमच्यापैकी कोणीच नाही, तिच्या चष्म्याने वाचवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, जुना चष्मा चालेना, नवा आलेला नव्हता. तो म्हणाला, "आई, मी वाचून दाखवतो ना, तुम्ही फक्त एक सही करा इथे." मावशीच्यातली बाई जागी झाली असणार, कारण न वाचता सही तिने जन्मात केली नव्हती, निकालपत्रकावर सुद्धा नाही. ती म्हणाली, सोमवारी ये, तोवर चष्मा येईल. तो म्हणाला, ही ऑफर शनिवारपर्यंतच आहे, वरचे लोक थांबायला तयार नाहीत. तरी कागद ठेवून गेला, बहुतेक त्याला खात्री होती की मावशी तो कोणाला दाखवणार नाही. शुक्रवारी मी सहज गेले तर टीपॉयवर पडलेला.

दोनच पानं होती. विसार पावती म्हणतात ना, म्हणजे थोडी आगाऊ रक्कम घेऊन घर विकायचं कबूल करायचा कागद, तीच, पण अशा भाषेत की दोनदा वाचूनही मला काही वाक्यांचा शेवट सापडेना. पेन्सिल घेऊन बसले.

पहिली मेख म्हणजे नेहमीचं वाक्य, "लिहून घेणार यांचे अगर ते सांगतील त्या इसमाचे नावे खरेदीखत करून द्यावे". ‘लिहून घेणार’ म्हणजे तो माणूस. हे वाक्य दिसायला इतकं साधं आहे की डोळा त्याच्यावरून घसरतो. अर्थ असा की हा घर घेणारच नाहीये. हा मावशीशी एका भावाने करार करणार आणि तोच करार तिसऱ्याला वरच्या भावाने देणार, मधला फरक याच्या खिशात. अमेरिकेत या धंद्याला होलसेलिंग म्हणतात आणि तिथे तो इतका वाढला की फिलाडेल्फिया शहराने २०२० साली अशा मधल्या लोकांना लायसन्स सक्तीचं करणारा कायदा केला. करार दुसऱ्याच्या नावे करून देण्यात मुळात गैर काही नाही, ठरवून सांगून केलं तर. पण मग ‘मला तुमचं घर फार आवडलं, मी इथे राहायला येणार’ हे कशाला? तो राहायला येणार नव्हता. रोज समोरूनही जात नव्हता.

दुसरं, विसाराची रक्कम इतकी किरकोळ की करार मोडून गेला तरी त्याला काही फरक पडत नाही, आणि मुदत मात्र सहा महिने. म्हणजे सहा महिने मावशीने घर दुसऱ्या कोणाला दाखवायचं पण नाही आणि त्याने तेवढ्या वेळात गिऱ्हाईक शोधायचं. नाही मिळालं तर ‘पाहणीत समाधान न झाल्यास’ करार रद्द करायचा हक्क त्याला. मावशीने रद्द केला तर? तर नुकसानभरपाई. एका बाजूला दार आणि दुसऱ्या बाजूला भिंत. ती ‘पाहणी’ अजून एका कामाला येते हे मला नंतर एका वकीलबाईंनी सांगितलं. व्यवहार पुरा व्हायच्या आठ दिवस आधी, म्हणजे माणसाने सामान बांधलंय, दुसरीकडे जागा बघितलीय, सगळ्यांना सांगून झालंय, अशा वेळी पाहणी करून सांगायचं की भिंतीत ओल आहे, पाया खचलाय, एवढे कमी करावे लागतील. त्या टप्प्यावर सत्तरी ओलांडलेला माणूस परत मागे फिरत नाही, त्याच्यात तेवढा दम उरलेला नसतो, आणि समोरच्याला हे चांगलं माहीत असतं.

तिसरं म्हणजे मुखत्यारपत्र. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ, की कामाच्या सोयीसाठी ‘लिहून देणार’, म्हणजे मावशी, हे वेगळं कुलमुखत्यारपत्र करून देतील. सोयीसाठी! कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपल्या जागी सही करायचा अधिकार आणि तो पण एका कामापुरता नाही, सगळ्याच कामांचा. फॉर्म नेऊन दे, पाणीपट्टी भर, एवढ्यासाठी हे लागत नाही. लागलंच तर त्या एका कामापुरतं, मुदत घालून, आणि ते पण विकत घेणाऱ्याच्या नावाने तर कधीच नाही. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं पण मला या ब्लॉगवर ते कुठून करतात अजून सापडलेलं नाही.

भावाचं म्हणाल तर तो कमी आहे हे मावशीला कळायला मार्गच नव्हता. तिला शेवटचा भाव माहीत होता तो तिने आणि काकांनी घर घेतलं तेव्हाचा, त्याच्यापुढे आजचा कुठलाही आकडा डोंगराएवढाच दिसणार. आणि तो माणूस आकड्याबद्दल बोलायचाच नाही, तो बोलायचा छपराबद्दल, गळतीबद्दल, वायरिंगबद्दल, "आई, हे सगळं तुम्ही या वयात कुठे करत बसणार, मी जसं आहे तसं घेतो." आता इथे मी जरा त्याची बाजू पण सांगते, कारण प्रत्येक कमी भावाची ऑफर म्हणजे फसवणूक असं नसतं. जसं आहे तसं घेणं, पैसे लवकर देणं, दलाली नाही, रोज अनोळखी लोक घर बघायला येणं नाही, या सगळ्याला किंमत आहेच. एखाद्याला खरंच घाई असेल, दवाखाना असेल, कर्ज असेल, तर थोडं कमी घेऊन मोकळं होणं शहाणपणाचं पण असू शकतं. प्रश्न एवढाच की त्या सोयीची आपण नक्की किती किंमत मोजतोय हे विकणाऱ्याला माहीत आहे का. दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या पाच-सात टक्के निघत असेल आणि भाव चाळीस टक्क्यांनी खाली येत असेल तर उरलेले कशाचे ते विचारायला नको?

आता माझी चूक. कागद वाचून झाल्यावर माझं डोकं फिरलं आणि मी मावशीवर ओरडले. "तुला काही कळतं का, रस्त्यावर आणलं असतं त्याने तुला, यापुढे कोणाशी बोलायचं नाहीस, आलं कोणी तर मला फोन करायचा." ती काही बोलली नाही, कागद घडी करून माझ्या हातातून घेतला आणि आत गेली. मला वाटलं विषय संपला. पंधरा दिवसांनी तिच्या कपाटात रजई शोधताना अजून दोन पाकिटं सापडली, वेगळ्या लोकांची, रजईच्या घडीत ठेवलेली. लपवून. पहिलं पाकीट तिने स्वतःहून सगळ्यांना दाखवलेलं, हसत हसत, आणि आता लपवत होती, कारण दाखवलं तर भाची ओरडणार. माझ्या ओरडण्याने त्या लोकांचं काम निम्मं करून ठेवलं होतं. त्यांना हवं असतं ते हेच, की म्हातारं माणूस एकटं असावं आणि घरच्यांना सांगायची त्याला लाज वाटावी.

आणि घरच्यांबद्दल बोलायचं तर तेही काही सगळे धुतल्या तांदळासारखे नसतात. हे सगळं कळल्यावर आमच्यातल्याच एकाने (कोण ते लिहीत नाही, दिवाळीला तोंड दाखवायचंय) सुचवलं की हे असले प्रकार होण्यापेक्षा मावशीने घर माझ्या नावावर करून टाकावं, मी आहे ना बघायला. बाहेरच्याने साठ टक्के तरी देऊ केले होते, याने तेवढे पण नाही! आणि याला कोणी फसवणूक म्हणत नाही, याला काळजी म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की घरातल्या माणसाने घेतलं तरी बाजारभाव आधी काढायचा, तो मावशीला सांगायचा, आणि मग तिला प्रेमाने कमी करायचे असतील तर तिने करावे. आकडा माहीत असून कमी घेणं वेगळं आणि माहीत नसताना घेणं वेगळं.

कायदा याबाबतीत वाटतो तितका आंधळा नाही पण वाटतो तितका धावून येणारा पण नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १६ ‘अनुचित प्रभाव’ या गोष्टीबद्दल आहे आणि त्यात वय, आजारपण, मानसिक किंवा शारीरिक त्रास यांमुळे ज्याची मानसिक क्षमता कमी झालीय अशा माणसाशी केलेला करार स्पष्ट शब्दात येतो. समोरचा वरचढ जागेवर होता आणि व्यवहार उघडउघड अन्यायाचा दिसतोय असं दाखवता आलं तर ‘मी दबाव टाकला नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी त्या वरचढ माणसावर जाते. हे चांगलं आहे. पण त्याच कायद्यात कलम २५ च्या खाली असंही आहे की मोबदला अपुरा आहे एवढ्याच कारणाने करार रद्द होत नाही. कोर्ट तो कमी भाव बघेल, पण संमती खरंच मोकळेपणाने दिली होती का हे तपासण्यापुरता. म्हणजे ‘भाव फार कमी होता हो’ एवढं पुरत नाही. आणि मुख्य म्हणजे ‘माझी मानसिक क्षमता कमी झाली होती’ असं कोर्टात उभं राहून म्हणायला मावशी कधीच तयार झाली नसती, ती म्हणाली असती घर गेलं तरी चालेल. त्यामुळे सहीनंतरच्या कायद्यापेक्षा सहीच्या आधीचे आठ दिवस जास्त कामाचे.

वाचत गेले तसं बाहेरचं पण बरंच सापडलं. ब्रिटनमध्ये एक प्रकार फार चालला होता, घर आम्हाला स्वस्तात विका आणि त्याच घरात भाड्याने राहा. ऐकायला किती छान, घर सोडायचं नाही, पैसे पण हातात. पण भाडेकरार बऱ्याचदा सहा महिने नाहीतर वर्षाचा, नंतर भाडं वाढव किंवा बाहेर हो. २०१२ साली तिथल्या वित्त नियामकाने हे व्यवहार तपासले तर बहुतेक एकतर परवडणारे नव्हते नाहीतर त्या लोकांसाठी योग्य नव्हते, त्यांच्या गळ्यात मारायलाच नको होते असं निघालं आणि तो धंदा जवळपास बंदच पडला. अमेरिकेत अजून एक नमुना, घर विकत घ्यायचंच नाही, मालकाला काहीशे डॉलर हातात द्यायचे आणि बदल्यात लिहून घ्यायचं की पुढच्या ४० वर्षांत कधीही घर विकलं तर एजंट आम्हीच. ७८ व्या वर्षी ४० वर्षांचा करार! अनेक राज्यांनी त्यावर कोर्टात केसेस केल्या आणि कायदे पण बदलले.

याच्या उलट गोष्ट सगळ्यांना फार आवडते, ती फ्रान्समधल्या जान कालमां बाईंची. १९६५ साली, ९० व्या वर्षी, त्यांनी आपला फ्लॅट एका नोटरीला दिला, अट अशी की बाई जिवंत असेपर्यंत त्याने दरमहा २,५०० फ्रँक द्यायचे आणि बाई गेल्यावर फ्लॅट त्याचा. तो तेव्हा ४७ वर्षांचा. तो १९९५ मध्ये ७७ व्या वर्षी गेला, पैसे त्याची बायको भरत राहिली, आणि बाई १९९७ मध्ये १२२ व्या वर्षी गेल्या, फ्लॅटच्या किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे घेऊन. मावशीला सांगितली तर खूप हसली. पण ती जगातली सगळ्यात जास्त जगलेली बाई म्हणून जिंकली हे विसरून चालत नाही. बाकीच्यांच्या बाबतीत अशा करारात कोणाचं पारडं जड असेल ते हिशेब करणाऱ्याला माहीत असतंच.

तर आम्ही काय केलं. आधी मी माफी मागितली, जी मावशीने "बरं बरं" म्हणून उडवून लावली. मग बल्बच्या जोडीने बाकीचं पण बघितलं, गळती दुरुस्त करून घेतली. हे क्षुल्लक वाटेल पण निम्म्या ऑफरा या गळतीवरच चालतात, माणसाला घराचा त्रास झालेला असतो, घर विकायचंच असतं असं नाही. मग भाव काढला, जाहिरातीतला नाही, जाहिरातीत कोणीही काहीही लिहितो, तर आजूबाजूला गेल्या दोन-तीन वर्षांत खरंच नोंदणी झालेल्या व्यवहारांचा, आणि शिवाय दोन मूल्यमापकांकडून, ज्यांना घर विकलं काय न विकलं काय काही फरक पडत नाही असे. मूळ कागदपत्रं घरातून काढून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली, कारण तो माणूस दुसऱ्या भेटीतच ‘बघायला’ म्हणून मूळ खरेदीखत मागत होता. (इंग्लंड-वेल्समध्ये तुमच्या घराच्या सरकारी नोंदीत कोणी काही हालचाल केली तर फुकट ईमेल येतो, अशी सोय सगळीकडे असायला हवी राव.)

आणि वकील. त्या माणसाने ‘आमचा वकील आहे, तुमचा खर्च वाचेल’ असं सांगितलं होतं. त्यांचा वकील हा त्यांचा वकील असतो, आपल्या वकिलाची फी वाचवून माणूस घर घालवतो. आम्ही ज्या बाईंकडे गेलो त्यांनी मला बाहेर बसवलं. म्हणाल्या, मला आधी एकट्या मावशींशी बोलायचंय, त्यांना स्वतःला काय हवंय ते. मला जरा राग आला खरा, मीच घेऊन आलेली ना. पण चाळीस मिनिटांनी त्या दोघी बाहेर आल्या तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मावशीला घर विकायचं आहे. खरंच. जिना नको झालाय, काका गेल्यापासून वरची खोली तिला खायला उठते, तिला तळमजल्यावर छोटी जागा हवीय, मैत्रिणीच्या जवळ. तो ‘मुलगा’ तिला पटला होता तो यामुळेच, कारण घर विकू या असं तिला म्हणता येईल असा तो एकटाच माणूस होता. आम्ही सगळे तिचं घर वाचवत बसलो होतो आणि तिला काय पाहिजे हे एकानेही विचारलं नव्हतं.

आता तिने स्वतःचे नियम केलेत, फोनशेजारच्या वहीत लिहून ठेवलेत, शाळेतल्या अक्षरात. घर तुम्ही स्वतः घेणार की पुढे देणार? पैसे कुठून येणार? कागद आधी पाठवा, आठ दिवसांनी बोलू. पहिल्याच प्रश्नाला दोघांनी फोन ठेवून दिला असं ती फार अभिमानाने सांगते. त्या ‘मुलाचा’ पण एकदा आला होता, तिने त्याची चौकशी केली, गुडघा बरा आहे म्हणाली, आणि तोच प्रश्न विचारला. "आई, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाला. ती म्हणाली, "विश्वास आहे रे, पण हा प्रश्न वहीत लिहिलाय."

मागच्या आठवड्यात एक चांगलं गिऱ्हाईक आलं, नवरा-बायको आणि दोन मुलं, स्वतः राहणारे, भाव मूल्यमापकाने सांगितला त्याच्या अगदी जवळ. मला इतका आनंद झाला की मी तिथेच म्हटलं, मावशी, हो म्हणून टाक, यांना दुसरं घर पण आवडलंय, उद्यापर्यंत सांगितलं नाही तर जातील हे. मावशीने वही ओढली, चष्मा लावला, माझ्याकडे न बघता पान उलटलं आणि म्हणाली, "आठ दिवस."